खाडाखोडीचे गुण : प्राथमिक विज्ञानातल्या प्रात्यक्षिक परीक्षेची गोष्ट

आजचा विषय जाहिरातीत वाचताना जरा रुक्ष वाटला असेल. लहान मुलांची विज्ञानातली प्रात्यक्षिक परीक्षा आणि तिचे गुण द्यायचे निकष, हे ऐकायला संध्याकाळचा वेळ काढून कोण येणार, असं आम्हालाच वाटत होतं. तुम्ही आलात, बरं वाटलं. सुरुवात इतिहासापासून न करता एका वहीपासून करू.

ही वही कुणा एका मुलाची नाही. शिक्षकांच्या कार्यशाळांमध्ये आम्ही ज्या वह्या बघतो, त्यांवरून ती आम्ही आजच्यासाठी तयार केली आहे. पाचवीच्या मुलाला प्रश्न दिलाय : फरशीवर पाणी सांडलं, तर पुसायला कुठलं फडकं सगळ्यात चांगलं? समोर जुन्या धोतराचा तुकडा, जुन्या टॉवेलचा तुकडा, टेरिकॉटचा तुकडा, पाण्याचं भांडं, कात्री आणि औषधाच्या बाटलीचं झाकण. मुलगा लिहितो : "धोतर १० झाकणं पाणी प्यालं. टॉवेल ८ झाकणं. टेरिकॉट १. धोतर भारी." मग हे सगळं काट मारून खोडलंय. खाली लिहिलंय : "धोतर मोठं होतं. सगळे टॉवेलएवढे कापले. धोतर २, टॉवेल ८, टेरिकॉट १. टॉवेल भारी." आकृती नाही. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे नाहीत. 'पाणी'तला णी ऱ्हस्व काढलाय.

दहापैकी किती गुण द्याल? मनात एक आकडा धरून ठेवा, शेजाऱ्याला सांगू नका. शेवटी आपण या वहीकडे परत येऊ. असे आकडे कागदावर लिहून घेतले की आमच्या अनुभवात ते तीनपासून नऊपर्यंत पसरतात. तीन देणारे गुरुजी खाडाखोड, मथळे आणि शुद्धलेखन बघतात. नऊ देणाऱ्या बाई म्हणतात, अहो, त्यानं स्वतःची चूक स्वतः पकडली, याहून विज्ञान ते काय! दोघंही प्रामाणिक आहेत. प्रश्न असा की एकाच वहीचं भवितव्य ती कुणाच्या हातात पडते यावर का ठरावं? आजची गोष्ट या प्रश्नाची आहे.

हा प्रश्न नीट मोजून बघितल्याचं एक गाजलेलं उदाहरण १९६१ सालचं, अमेरिकेतलं. तिथल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे ३०० निबंध घेतले आणि ५३ जणांना तपासायला दिले. हे तपासनीस साधेसुधे नव्हते. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते, संपादक, वकील, उद्योगातले अधिकारी होते. निबंधांची प्रतवारी एक ते नऊ अशी करायची होती. निकाल काय आला? ३०० पैकी १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंत प्रत्येक श्रेणी कुणी ना कुणी दिली होती! एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नव्हत्या.

डिडरिक इथे थांबले नाहीत. ही माणसं भांडतायत कशावरून, ते त्यांनी शोधलं. तेव्हा दिसलं की तपासनिसांचे गट पडतात. कुणी विचार बघतं, कुणी मांडणी, कुणी शैली, कुणी व्याकरण, कुणी शब्दांची निवड. म्हणजे प्रत्येक जण वेगळीच वस्तू मोजत होता, फक्त आकडा सगळ्यांनी एकाच चौकटीत लिहिला होता. आपल्या वहीचंही तेच झालंय. तीनवाले गुरुजी नीटनेटकेपणा मोजतायत, नऊवाल्या बाई तुलना मोजतायत. उपाय यातूनच सुचतो. काय काय बघायचं ते आधी ठरवा, वेगवेगळं लिहा आणि प्रत्येकाच्या पायऱ्या शब्दांत मांडा. शिक्षणात ज्याला रुब्रिक म्हणतात तो हाच तक्ता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तांबडी माती. जुन्या हस्तलिखितांमध्ये सूचना आणि मथळे तांबड्या शाईनं लिहीत, त्यावरून तो शब्द आला. आपल्या पोथ्यांमध्येही गेरू आणि हिंगुळानं खुणा केलेल्या दिसतात, त्यातलाच प्रकार. वाचणाऱ्याला वाट दाखवायला तांबडा रंग. शाळेत मात्र तांबडी शाई म्हटलं की आपल्याला काट आठवते.

आता हातानं करायच्या परीक्षेकडे येऊ. त्यासाठी आणखी शंभर वर्षं मागे जायला हवं, कारण परीक्षा शिकवण्याला कशी वाकवते याचा मोठा धडा १८६२ साली इंग्लंडमध्ये मिळाला. रॉबर्ट लो हे तेव्हा तिथल्या सरकारात शिक्षणाचं खातं सांभाळत. त्यांनी नवी नियमावली आणली. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाचं वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार आणि पास होणाऱ्या मुलांच्या हिशोबानं शाळेला पैसे मिळणार. निकालावर अनुदान! व्हायचं तेच झालं. ज्याचे पैसे नाहीत ते वर्गातून मागे पडलं. वस्तू हातात घेऊन बोलायचे पाठ, निसर्गाचं निरीक्षण, भूगोल, सगळ्यावर गदा आली. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते, त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. तरी ती पूर्णपणे जायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. मुंबई इलाख्यातही शाळांना अनुदान देताना हे तत्त्व लावलं गेलं आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्याची चर्चा झाली. तेव्हा 'परीक्षेला नाही ना, मग सोडून द्या' हे वाक्य आपल्याकडे आजचं नाही, त्यालाही दीडएकशे वर्षांचा वारसा आहे.

मग १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये नफील्ड प्रतिष्ठानाच्या मदतीनं प्राथमिक शाळांसाठी प्रयोगातून विज्ञान आलं. मुलं गोगलगाई पाळू लागली, बॅटऱ्या आणि दिवे जोडू लागली. पण त्यांना काय आलं हे कागदावरच्या परीक्षेतून कळेना. ज्या मुलाला लिहिता येत नाही पण परिपथ बरोबर जोडता येतो, त्याचं काय? म्हणून पुढे तिथल्या सरकारच्या एका पाहणी विभागानं वेगळा घाट घातला. १९८० ते १९८४ अशी पाच वर्षं ११, १३ आणि १५ वयाच्या मुलांची विज्ञानाची पाहणी झाली. कामाची धुरा लंडन आणि लीड्समधल्या संशोधकांकडे होती, त्यांत विन हार्लेन आणि पॉल ब्लॅक ही नावं महत्त्वाची. प्रशिक्षण घेतलेले परीक्षक साहित्य घेऊन शाळेत जात. मूल प्रयोग करी, परीक्षक शेजारी बसून यादीवर खुणा करी : दोन्ही वेळा पाणी सारखंच घेतलं का? परत मोजून पाहिलं का? जे मोजलं तेच लिहिलं का? मूल 'हुशार' की 'ढ' असा कुठला रकाना त्यात नव्हता. मुलानं काय केलं, एवढंच टिपायचं.

साधारण याच काळात, त्याच्या आधीच, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात एक गोष्ट सुरू झाली होती. ती इंग्लंडहून आणलेली नव्हती. होशंगाबाद जिल्हा, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीनं १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीला प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ उन्हाळ्यात तिथे येऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ पासून एकलव्य या संस्थेनं तो सांभाळला. पुढे पुण्यात आयुकामध्ये ज्यांनी टाकाऊतून खेळणी करून महाराष्ट्रातल्या पोरांना वेड लावलं, ते अरविंद गुप्ता १९७८ साली तिथेच काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्याशी खेळायला लागले. आपलं नातं आहे ते असं.

होशंगाबादच्या लोकांना एक गोष्ट लवकर कळली. पुस्तक बदललं, साहित्याच्या पेट्या दिल्या, प्रशिक्षण दिलं, तरी आठवीची परीक्षा जुनीच राहिली तर सगळं पाण्यात. पालक आणि गुरुजी दोघंही परीक्षेकडे बघून चालतात. म्हणून त्यांनी परीक्षाच बदलून घेतली, आणि तीही सरकारी परीक्षा! लेखी परीक्षेला मुलांनी पुस्तक आणि आपली प्रयोगाची वही घेऊन बसायचं. पाठ केलेल्या व्याख्येला गुण नाहीत, कारण व्याख्या समोर उघडीच आहे. आणि सोबत प्रायोगिक परीक्षा : प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचा.

विचार करा, ज्या गावात साधी प्रयोगशाळा नाही तिथली मुलं भिंग, चुंबक, परीक्षानळी हाताळून परीक्षा देतायत. हे निभलं कसं? आमच्या मते त्याचं कारण पेटीत नव्हतं, गोष्टीत होतं. गोष्टी म्हणजे दर महिन्याची बैठक, तिकडे तिला मासिक गोष्ठी म्हणत. जवळपासच्या शाळांचे शिक्षक एका संगम केंद्रावर जमत. कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, कुठला प्रश्न गोंधळाचा निघाला, यावर बोलत. ज्यांना गुण द्यायचे होते, ती माणसं महिन्याच्या महिन्याला एकमेकांशी बोलत होती. डिडरिकच्या ५३ तपासनिसांना जे मिळालं नव्हतं, ते या खेड्यातल्या शिक्षकांना मिळालं. हा कार्यक्रम ३० वर्षं चालला. २००२ साली राज्य सरकारनं तो बंद केला.

आता परत इंग्लंडमध्ये जाऊ, कारण याच्या उलटा धडा तिथे मिळाला. १९८८ मध्ये पॉल ब्लॅक यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं सांगितलं की राष्ट्रीय परीक्षा घ्यायच्याच असतील तर त्या वर्गातल्या कामासारख्या असाव्यात आणि शिक्षकाच्या मताला त्यात जागा असावी. हेतू उत्तम. १९९१ साली सात वर्षांच्या मुलांची पहिली देशव्यापी परीक्षा झाली. विज्ञानात तरंगणं आणि बुडणं यावरचं काम होतं. बाईंनी चार-चार मुलांचा गट घेऊन टबाशी बसायचं, कोण काय म्हणतं ते टिपायचं. आणि उरलेला वर्ग? तो त्या वेळी कुणी सांभाळायचा? आठवडेच्या आठवडे त्यात गेले. शिक्षक वैतागले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. पुढच्या परीक्षा कागद-पेन्सिलीकडे झुकत गेल्या, १९९३ मध्ये शिक्षकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला. सात वर्षांच्या मुलांची विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा गेली, आणि अकरा वर्षांच्यांसाठी १९९५ पासून आली ती लेखी.

याच सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, रिचर्ड शॅव्हेल्सन आणि गेल बॅक्स्टर यांचा गट एक सोपा दिसणारा प्रयोग मुलांना देत होता : तीन प्रकारचे कागदी टॉवेल, सर्वात जास्त पाणी कुठला धरतो? आपली फडक्याची वही त्याचीच मराठी बहीण. गुण देताना ते बघत : कागद पूर्ण भिजवला का, पाणी मोजलं कसं, काळजीनं मोजलं का, निष्कर्ष जुळतो का. त्यांना दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली अशी की मूल प्रयोग करताना शेजारी बसून दिलेले गुण आणि नंतर त्याची वही वाचून दिलेले गुण बऱ्यापैकी जुळतात, मात्र मुलानं वहीत जे केलं ते लिहायला हवं. म्हणजे तीसचाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशेजारी परीक्षक बसवायची गरज नाही, वही साक्ष देते. पण कुठली वही? ज्यातला पहिला फसलेला प्रयत्नही शाबूत आहे ती. मुलानं आधीचं पान फाडून 'फेअर' करून दिलं, तर साक्षीदारच गेला!

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. नीट निकष दिले तर दोन तपासनीस एकमेकांशी जुळतात, ते जमतं. पण एकच मूल एका प्रयोगात चमकतं आणि दुसऱ्यात अडखळतं. फडक्यात वाघ, दिवा-बॅटरीत शेळी. म्हणून एकदोन प्रयोगांवरून मुलाला शिक्का मारणं धोक्याचं. बऱ्याच कामांवरून अंदाज बांधावा लागतो. वर्षाअखेरीच्या एका मोठ्या प्रात्यक्षिकापेक्षा वर्षभरातली आठदहा छोटी कामं जास्त खरं बोलतात.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात हाताच्या परीक्षेला मान नाही असं नाही. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, तिच्यात प्रात्यक्षिक आहे, प्रकल्प आहे. पण ती स्पर्धा आहे; आधी लेखी, मग त्यात वर आलेल्यांना प्रात्यक्षिक. स्पर्धेत असंच असतं. सगळ्या मुलांच्या हातांचं काय, याचं उत्तर शाळेनंच द्यायचं असतं.

आणि कागदावर ते दिलेलंही आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांमध्ये दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडीकाम आहे, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग आहे, उपक्रम आणि प्रकल्प आहे. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा शंभरात सत्तर, सातवी-आठवीला चाळीस. रॉबर्ट लोच्या काळाशी तुलना केली तर ही केवढी मजल! मग वर्गात काय झालं? इथे बसलेल्या शिक्षकांना ठाऊक आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या बाजारात आल्या, मग मोबाइलवर आल्या. 'प्रयोगाचे साहित्य काळजीपूर्वक हाताळतो.' 'निरीक्षण अचूक नोंदवतो.' ओळ चाळीस जणांच्या नावापुढे उतरवली की काम झालं. आम्ही शिक्षकांना दोष द्यायला उभे नाही. ज्याच्याकडे दोन वर्ग आणि वर निवडणुकीचं काम आहे, तो यादी उतरवणारच. आमचं म्हणणं एवढंच की तक्ता आला पण बैठक आली नाही. इंग्लंडमध्ये १९९१ ला जे चुकलं तेच. सगळं ओझं एकट्या शिक्षकावर टाकलं आणि त्याला बोलायला कुणी दिलं नाही.

मग करायचं काय? आम्ही जे करून बघतो ते सांगतो.

प्रश्न असा निवडावा ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, पण मुलांच्या घरात त्याचं साहित्य आहे. कुठल्या मडक्यात पाणी जास्त गार होतं, कुठल्या मातीतून पाणी लवकर झिरपतं, कुठलं फडकं जास्त पाणी पितं. मुलांना देण्याआधी आपण स्वतः करावा. आम्ही फडक्याचा केला तेव्हा आमचाच एक जण फडकं पिळायला विसरला!

निकष तीनच ठेवावेत, फार नकोत. तुलना बरोबरीची आहे का? मोजलं कसं? जे मोजलं त्यावरूनच उत्तर काढलं का? आता पहिल्याच निकषाच्या पायऱ्या लिहू. तळाची पायरी : मूल नुसतं बघून सांगतं, तुलना करत नाही. त्यावरची : तुलना करतं, पण तुकडे लहानमोठे आहेत हे लक्षात येत नाही. त्यावरची : तुकडे सारखे घेतं, किंवा मध्येच चूक लक्षात येऊन सारखे करून परत मोजतं. सर्वात वरची : ते का सारखे घ्यायचे हे स्वतःच्या शब्दांत सांगतं. बघा, यात 'उत्तम', 'चांगले', 'सुधारणा हवी' असे शब्द कुठेच नाहीत. ते शब्द आले की भांडण परत सुरू, कारण माझं उत्तम आणि तुमचं उत्तम वेगळं. मूल काय करताना दिसतं, तेच लिहायचं. शुद्धलेखन बघायचं असेल तर भाषेच्या तासाला जरूर बघा, इथे त्याचा रकाना नको.

यानंतरचं पाऊल सर्वात महत्त्वाचं आणि तेच वगळलं जातं. पाच वह्या घ्या. चार शिक्षक बसा. न बोलता गुण द्या आणि मग कागद उघडा. जिथे फरक पडला तिथे भांडा. भांडण मिटलं की तक्त्यातला तो शब्द बदला. आपल्याकडे केंद्र पातळीवर महिन्याची शिक्षण परिषद भरते. तिच्यातला फक्त अर्धा तास, पाच वह्यांसाठी! होशंगाबादच्या मासिक गोष्ठीला यापेक्षा फार काही लागलं नव्हतं. दुसऱ्या केंद्राचा तयार तक्ता आणलात तर त्यांच्या भांडणाचा निकाल तुमच्याकडे येईल, समज येणार नाही.

आता आपली वही. मनातला आकडा आठवा. तुलनेच्या निकषावर हा मुलगा वरून दुसऱ्या पायरीवर आहे, आणि ते आपल्याला कळतं ते केवळ त्या काट मारलेल्या ओळींमुळे. 'धोतर मोठं होतं' हे तीन शब्द त्यातला कणा आहेत. का सारखे कापले ते त्यानं पुरतं सांगितलं असतं तर वरची पायरी मिळाली असती, म्हणजे उद्या त्याला काय विचारायचं हेही आपल्याला कळलं. मोजणं झाकणानं केलंय, ठीक आहे, पण एकदाच; दोनतीनदा करून बघ, हे सांगता येईल. निष्कर्ष मोजमापाशी जुळतो. तीन गुण देणाऱ्या गुरुजींना आम्ही एवढंच विचारू : हे पान त्यानं फाडून नीट लिहून दिलं असतं तर तुम्ही जास्त गुण दिले असते ना? मग पुढच्या वेळी तो काय करेल?

ज्यांच्याकडे वर्ग आहे त्यांनी येत्या परिषदेला पाच वह्या घेऊन जाव्यात, एवढी विनंती. कसं झालं ते आम्हाला कळवा, फसलं तर जरूर कळवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.